एकेचाळीस

पास्टर नुमाके फळ्यावर आधी पृथ्वी काढायचे,
चौकोनी, कारण लिहिलंय तसं : चार कोपरे,
आणि कोपऱ्याकोपऱ्यात एकेक देवदूत,
वाऱ्याची मान बगलेत आवळून उभा,
आमच्याकडे डुकराचं पिल्लू धरतात तसा.
"अजून नाही," पाचवा देवदूत ओरडतो,
"आधी कपाळांवर शिक्के होऊ देत."
खडू बहुतेक तिथंच संपायचा.

तान्ना बेटावर वारा समजावून सांगावा लागत नाही.
अडलं होतं ते शिक्क्यापाशी.
इओलू म्हणाला, खोबऱ्याच्या पोत्यावर मारतात तसला, जांभळा.
नालिन म्हणाली, लस टोचल्याचा वण असेल.
पास्टरांचा जावई शहरात शिकून आलेला.
तो म्हणाला, ही चिन्हं आहेत,
जुन्या बादशहांनी छळलेल्यांना दिलेला धीर;
एक लाख चव्वेचाळीस हजार म्हणजे
बारा गुणिले बारा गुणिले हजार,
म्हणजे 'कुणीही सुटलं नाही' असं म्हणायची एक रीत.
आम्ही बोटांवर बारापर्यंत जाऊन परत आलो.

म्हातारी यापाम मागं बसून चटई विणत होती.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
"ताप बघायला आई हात ठेवते
तीच जागा की,"
एवढं म्हणून तिनं पानाची कड दातानं फाडली.

मार्चमध्ये चारही बगला एकदम सुटल्या.

चर्चचे पत्रे पंख फडफडवत समुद्रावर गेले.
"ते पंख आपल्याला मिळणार होते ना,
रानात पळून जायला?" नालिन रडत विचारत होती.
आम्ही वडाच्या पोटात शिरलो.
पारंब्यांच्या भिंती, मुळांची जमीन,
पणजोबांच्या पणजोबांपासून वादळाची खोली हीच;
धर्म आला तेव्हा आतल्या प्रार्थना तेवढ्या बदलल्या.
डोंगरावरून ओढा सुटला,
अजगरानं ओकावा तसा, झाडं घेऊन,
आणि आमच्यापासून वीस पावलांवर
जमिनीनं तोंड उघडून तो पिऊन टाकला.
जावई म्हणाला, ज्वालामुखीची राख, भुसभुशीत असते.
पास्टर म्हणाले, हेच तर लिहिलंय.
वाद घालायला जागा नव्हती,
दोघं एकाच पोत्याखाली बसले होते.

अंधारात यापाम मोजत होती.
वाऱ्यात नावं ऐकू येत नव्हती, म्हणून तळहातानं.
कपाळ. एक. कपाळ. दोन.
माझ्यावर हात आला तेव्हा
धुराचा वास, अंगठ्याला भेग, तेवीस.
हात पुढं गेला तरी
ती जागा बराच वेळ कोरडी वाटत राहिली.

एकेचाळीस व्हायला हवे होते.
चाळीस.
पुन्हा पहिल्यापासून. चाळीस.
"आजी, स्वतःला धरलंस का?"
"धरलंय."
मग कुणीच काही विचारलं नाही.
नासे होडी बांधायला गेला होता.

तिसऱ्या दिवशी तो खडकांत सापडला.
पास्टर पानं उलटत राहिले,
भिजून एकमेकांना चिकटलेली.
जावयानं काहीच समजावलं नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.
यापाम गुडघ्यांवर बसली.
पदर नसतो आमच्याकडे, हातानंच
तिनं त्याच्या कपाळावरची वाळू झाडली,
तळवा ठेवला, ताप बघावा इतका वेळ,
आणि म्हणाली, "एकेचाळीस."

आता मी बंदरातल्या गोदामात असतो.
कावाची पोती, जांभळी शाई, लाकडी मुठीचा शिक्का.
नवीन पोरं येतात, जोर लावून ठोकतात.
मी सांगतो, जोराचं काम नाही हे.
ओल्या पोत्यावर काहीच उमटत नाही,
आधी ते हातानं पुसून घ्यावं लागतं.