चौदा किलो दोनशे

उथळसरच्या भंगारवाल्याने काट्यावर ठेवली:
चौदा किलो दोनशे.
"पाणी काढलंत का, काका?"
म्हटलं, पाणी नाही रे ते, आम्ल आहे,
बत्तीस वर्षं कळव्याच्या कारखान्यात
हेच तर शिकवत होतो नव्या पोरांना.
तो हसला. शिशाचा भाव त्याला पाठ.
बाकीचा हिशोब माझ्याकडेच राहिला.

नवी, त्याच्या आदल्या रविवारी,
ऋजुताने रबाळ्याहून आणली,
डब्याच्या पिशवीत, स्कूटरला अडकवून,
विटाव्याचे खड्डे चुकवत.
सेल तिने स्वतः जोडलेले.
"तीन किलो चारशे. हातात घेऊन बघा."
घेतली. हात भसकन वर गेला,
जिना संपल्यावरही अंधारात
पाय आणखी एक पायरी शोधतो ना,
तसा.

मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहून दिलंय:
पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.
म्हणजे नात नाही, सिलिंडर नाही,
आणि सदुसष्ट सालच्या फियाटची बॅटरी नाही,
जिला दर दिवाळीआधी बाहेर काढून
मी अभ्यंग घालत आलो:
टोकांवरच्या हिरवट-पांढऱ्या बुरशीवर उकळतं पाणी,
मग व्हॅसलिनचं बोट.
माझ्या प्रत्येक जुन्या विजारीला मांडीवर भोकं आहेत,
मोहरीएवढी.
कुमुद रफू करता करता म्हणायची,
"चावते की काय तुमची गाडी?"

ऋजुता बॉनेटखाली वाकली.
डायनामो लहरी, कधी बारा, कधी सोळा,
एवढे नखरे ही सोसणार नाही,
म्हणून रेग्युलेटर नवा,
पण जुन्याच्याच काळ्या डबीत लपवलेला.
"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "दिसायला तसंच."
ट्रेमध्ये बरीच जागा उरली.
मोडक्या पलंगाचा पाय कापून ठोकळा बसवला:
शिशाच्या जागी शिसवी.

चावी फिरवली.
पूर्वी घर्र, मग घर्र, मग एक दम खायची,
मग मी म्हणायचो, "चल गो बाय,"
मग निघायची.
आता शब्दाच्या आधीच सुरू.
"चल" माझ्या तोंडातच राहिलं,
सुपारीच्या खांडासारखं.

"एक मात्र आहे, बाबा," ऋजुता म्हणाली.
"जुनी सांगून जायची. दिवे पिवळे, हॉर्न बसका,
दोन दिवस आधी कळायचं.
ही तसं नाही करत. शेवटपर्यंत पूर्ण देते,
आणि मग एकदम बंद."

मी काही बोललो नाही. तीही.
कुमुद चहा गाळत होती. गाळणी हातातच होती.
ऋजुताने दहाचा पाना घेतला
आणि घट्टच असलेला नट
अजून थोडा आवळला.

रात्री, नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या
मागच्या भिंतीसमोर गाडी उभी करून
दिवे लावले.
त्या भिंतीवर पेन्सिलची रेघ आहे,
शहाऐंशी सालची:
मी दिव्याचा स्क्रू फिरवत होतो
आणि कुमुद भिंतीपाशी, गल्लीभर ऐकू जाईल अशी,
"खाली... अजून खाली... बास!"
त्यानंतर दोनदा रंगारी आले. दोन्ही वेळा
तेवढी वीतभर भिंत मी तशीच सोडायला लावली.
सेक्रेटरी अजून त्यावरून बोलतात.

अकरा किलो उतरले गाडीच्या नाकावरून.
झोताचा मध्य आज
रेघेच्या बोटभर वर पडला.

"राहू दे," मी म्हटलं.
"समोरच्याच्या डोळ्यांवर येईल, बाबा."
खरं आहे. येईल.

स्क्रूड्रायव्हर आणायला वर गेलो,
दोन जिने, कठड्याला न धरता,
आणि कशाला आलो ते विसरल्यासारखा
स्वयंपाकघरात थोडा वेळ उभा राहिलो.

खालून हाक आली, गल्लीभर ऐकू जाईल अशी:
"आणताय ना?
मी भिंतीपाशी उभी आहे,
सांगते किती खाली."