एस. के. मोबाईल, यावल

काच बदलायला वीस मिनिटं लागतात.
बाकीची पोरं फोन टाकून रसवंतीवर जातात,
पाठकोऱ्या कागदावर नाव, आणि त्याखाली
आकडे लिहून देतात,
जन्मतारीख बहुतेक,
नाहीतर एकापासून सहापर्यंत सरळ.
अर्ध्या यावलच्या किल्ल्या माझ्या गल्ल्यात पडून आहेत.

फेगड्यांची मिताली मात्र बसून राहिली.
स्टुलावर, कुलरसमोर, क्लासची बॅग मांडीवर.
"कोड?"
"मी टाकीन."
"टच चेक करावा लागतो."
"तेव्हा टाकीन."

तिच्या पप्पांचा फोन सकाळीच येऊन गेला होता.
"सुपडू, काच बसवता बसवता
ते एक ॲप राहातं म्हणे, ते टाकून दे त्याच्यात.
पोरगी काय करू राह्यली, कळलं पाह्यजे ना भो.
तिला नको सांगू. पैसे वरून देतो."
मी हो म्हटलं.
गिऱ्हाईकाला मी आधी हो म्हणतो.

तिळाएवढे स्क्रू चुंबकाच्या पट्टीवर ओळीनं लावले.
जुनी काच तापवून उचलली, दुधावरची साय उचलावी तशी.
काचेच्या आतल्या बाजूला काही नसतं.
लोकांना वाटतं, असतं.

मग तिनं कोड टाकला,
दुसऱ्या हाताची आडवी भिंत करून,
परीक्षेत शेजारचीपासून पेपर झाकतात तशी.
स्क्रीन उजळली
आणि मघाशी उघडं राहिलेलं पान तसंच उघडं होतं.

हिचं एक खातं मला माहीत आहे, गावाला माहीत आहे:
मावसभावाच्या हळदीतला पिवळा घागरा,
भुसावळच्या स्टुडिओत हनुवटीखाली हात,
आणि खाली आत्या, मामी, डेअरीवाले काका,
सगळ्यांचे लाल बदाम.

हे ते नव्हतं.
नाव दुसरंच. चेहरा नाही. बघणारे अकरा.
गच्चीवरून सातपुडा, उन्हात पुसट झालेला.
गालावरच्या पुटकुळ्या, अगदी जवळून, काही न लावता.
आणि एक ओळ:
आज जेवताना कुणीच बोललं नाही.

तेवढी मी वाचली.
वाचायला नको होती.

मान वळवली. स्टँडवर चोपडा गाडी लागलेली.
तिची पाटी वाचली, मग नंबर वाचला,
मग मागच्या काचेवर धुळीत बोटानं लिहिलेलं
कुणाचं तरी अर्धं नाव.

फोन वाजला, माझा.
"झालं का ते?"
"नाही होऊ राह्यलं भाऊ, सर्व्हर डाऊन आहे."
सर्व्हर काय असतं ते त्यांना ठाऊक नाही,
मलाही अर्धंच.
ठेवल्यावर सुचलं, काय बोलायला पाहिजे होतं:
केळ निसवली की भाऊ, तुम्हीच घडाला पिशवी घालता, निळी,
पान घासून डाग पडू नये म्हणून.
मग रोज सकाळी जाऊन
ती सोडून बघता का?
मला सगळं सुचतं, पण फोन ठेवल्यावर,
नाहीतर शटर ओढल्यावर.

"कोण होतं?" तिनं विचारलं.
"कंपनीवाले."
ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

नोटा मोजून दिल्या. चुरगळलेल्या, दहा-दहाच्या खूप.
मग पाटीकडे बघून:
"काका, एस. के. म्हणजे?"

माझ्याआधीची तिघं आईला राहिली नाहीत.
मी झालो तेव्हा तिनं मला सुपात घातलं,
उंबऱ्यावरून ओढलं,
आणि नाव असं ठेवलं
की सटवीनं दुसऱ्यांदा वळून बघू नये.
पाटी रंगवायला आला तेव्हा
पेंटरला मी दोनच अक्षरं दिली.

"म्हणजे," मी म्हटलं, "असंच."

तिनं मान हलवली. पुढे विचारलं नाही.
पायरी उतरून उन्हात गेली,
फोन छातीशी
पालथा धरून.