उजवीकडची सीट

उजळाईवाडीत सकाळी सव्वासहाला
धावपट्टीच्या कडेला दव असतं, दोन टिटव्या असतात
आणि पंखाखाली उकिडवा मी,
नळीत काढलेलं निळसर पेट्रोल उजेडात धरून
तळाशी पाण्याचा थेंब शोधणारा.

तीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवला.
शाफ्ट केसभर जाड राहिला असेल
तर मायक्रोमीटरच्या आधी अंगठ्याला कळतं.
इथं हेच अंगठे नडतात.

नेजदार मॅडम माझ्या धाकटीपेक्षा दोन वर्षांनी लहान.
म्हणतात, "काका, दोन बोटं. फक्त दोन.
चक आवळताय का?
उडायचं कसं ते विमानाला येतंय,
तुम्ही आडवं येऊ नका."

इंजिनाचं मात्र मला सांगावं लागत नाही.
डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो,
काटा हलायच्या आधी कान हलतो.
भीती रेडिओची. इंग्रजीत घसा बसतो.
म्हणून रात्री शालन कणीक मळता मळता टॉवर होते:
"रनवे झिरो सेवन, क्लिअर टू लँड,
आणि येताना कोथिंबीर."

वर जाणं सोपं होतं. जमीन कधी येते तेच कळायचं नाही.
लवकर ओढलं की तरंगत राहायचं,
उशिरा ओढलं की दात वाजायचे.
एकेचाळीस वेळा उतरलो,
त्यातली नऊ उतरणं. बाकी पडणंच,
जरा सभ्य शब्दात.

"चाकाखाली बघू नका काका.
पट्टीच्या शेवटाला बघा, पार तिकडं,
मग जमीन आपोआप अंगाला कळंल."

आता हे कुणाला सांगू?
आयुष्यभर नजर टूलच्या टोकावर, वीतभर अंतरावर.
लांब बघायचा आमचा धंदाच नव्हता.

मंगळवारी चौथ्या फेरीनंतर म्हणाल्या, "थांबवा इथं."
इंजिन चालूच. दार उघडून उतरल्या,
वाऱ्यात वेणी सरळ मागं.
मग वाकून रिकाम्या सीटवर पट्टा ओढला,
बकल लावलं, करकचून आवळलं,
कुणी बसलंय जणू.
"सैल राहिला तर कुठंतरी अडकतो," एवढंच.
दारावर दोन थापा.

विमान माझ्या अंदाजाआधीच उठलं.
कारखान्यावर ऊस उतरवून परतणारी ट्रॉली उधळावी, तसं.
पन्नास-पंचावन्न किलोंचं माणूस कमी झालं
तर एवढा फरक!

खाली उसाचे चौकोन.
शिरगावच्या फाउंड्र्यांचा धूर उगवतीकडून कललेला,
म्हणजे वारा बरोबर होता.
त्यातल्या दोन-तीन धुराड्यांखालचं ओतकाम
गरम असतानाच माझ्याकडं यायचं.
लांब उद्यमनगर, पत्र्याला पत्रा.
माझा कुठला?
शोधायला गेलो, तेवढ्यात साठ फूट उंची गेली.
सोडून दिला. असेल तिथंच.

वळताना मोठ्यानं बोललो, "काका, दोन बोटं."
शेजारून कुणी हसलं नाही.
पट्टा छातीवर नसलेल्या छातीवर
घट्ट.

पट्टीचं दुसरं टोक,
पांढऱ्या रेषा जिथं एक होतात,
तिथं मी बघितलं. बघत राहिलो.
एक उडी मारली विमानानं. छोटी.
मॅडम म्हणाल्या, "दोन लँडिंग झाली, एकाच पैशात,"
आणि मेकॅनिक इर्शादनं मागून
डोक्यावर बादली ओतली. रीत आहे म्हणे.
ओल्या अंगानं वहीवर सही घेतली,
शाई पसरली.

दुसऱ्या दिवशी लेथवर एक शाफ्ट वाया गेला.
गिऱ्हाईक उभंच होतं. म्हणालं, "काय मिस्त्री, झोप नाही झाली?"
झोप झाली होती.
नजर तेवढी गल्लीच्या शेवटाला गेलेली.