वरच्या अंगाला

बापाचे गुडघे हवामान ओळखायचे.
पाऊस दोन दिवसांवर असला की
तो चुलीपुढे बसून पोटऱ्यांना अस्वलाची चरबी चोळायचा,
म्हणायचा, ग्रीन नदी चढतेय.
ग्रीन नदी आमच्यापासून महिनाभराच्या वाटेवर.
पण एकवीस वर्षं बर्फाळ पाण्यात उभं राहून
त्यानं ती हाडांत भरून आणली होती.

सापळा पाण्यात बुडवायचा. खुंटी वाळक्या लाकडाची;
ओली असली तर बीव्हर सालीसकट कुरतडतो.
वर एक काडी, टोकाला त्याच्याच ग्रंथीचा वास.
"घरचा वास दाखवून बोलवायचं त्याला,"
हे सांगताना बाप दुसरीकडे बघायचा.

आसा व्हिटलॉक नावाचा जोडीदार होता.
तो बाणानं गेला नाही, अस्वलानंही नाही,
दाढेच्या दुखण्यानं गेला, नवव्या दिवशी.
त्याच्या टोपीत आई भोपळ्याच्या बिया ठेवते.

मग दूरच्या शहरांत पुरुषांनी
रेशमी टोप्या डोक्यावर घेतल्या.
डोंगरात कुणाला कळलंही नाही, नुसता भाव आला:
सहा डॉलरचं कातडं तीनला, मग एकला,
मग नकोच.

ट्वालाटिनच्या माळावर त्यानं लाकडाची खोली उभी केली,
नांगर धरला तो बंदूक धरावी तसा,
तास वाकडे गेले.
आई नेझ पर्स लोकांतली. पाद्र्यानं तिला रेचल केलं.
आपलं खरं नाव ती कणसं सोलताना
स्वतःशीच एकदा म्हणून घ्यायची.

कुंपण झालं त्या वसंतात
कॅमसचे कंद खणणाऱ्या बायका आल्या, दरवर्षीसारख्या,
आणि खांबांपाशी थांबल्या.
आईनं जाऊन फाटक उघडलं.
बापानं पाहिलं. कुऱ्हाडीला धार लावत राहिला.
पुढल्या वर्षी त्या कमी आल्या.
त्याच्या पुढल्या वर्षी
एकटी म्हातारी, रिकाम्या टोपलीनिशी.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा
ओढ्यावर रातोरात बांध पडला.
गव्हात पाणी.
बापानं खिळ्यावरचा सापळा काढला, गंज खरवडला,
तिन्हीसांजेला गेला. मी मागोमाग.
गुडघाभर पाण्यात उतरून तो उभा राहिला.
पलीकडे शेपटीचा फटका बसला पाण्यावर,
गोळी सुटावी तसा,
आणि वलयं त्याच्या पायांपर्यंत येऊन विरली.
तो हलला नाही.
किती वेळ, मला मोजता येत नव्हतं;
मला झोप आली, एवढंच आठवतं.

सापळा मिटलेलाच परत आला.
आईनं काही विचारलं नाही,
गरम दगड फडक्यात गुंडाळून त्याच्या पायाशी सरकवला.
सकाळी तो म्हणाला, गहू वरच्या अंगाला पेरू.
वर सगळा खडक आहे, आई म्हणाली.
आहे, म्हणाला,
आणि पोटऱ्या चोळू लागला.