रुमाल

माझं काम दुसऱ्यांच्या छातीवर थंड जेल लावण्याचं,
गुलाबी चौकटींच्या कागदावर
त्यांची लय उतरवून घेण्याचं.
रास्ता पेठ, दुसरा मजला, रात्रपाळी, अकरावं वर्ष.

परवा मशीन मोकळं होतं
म्हणून स्वतःलाच तारा लावल्या.
दर सातआठ ठोक्यांनी एक आगाऊ ठोका,
वेळेआधी दार वाजवणारा,
आणि त्याच्या मागे एक लांब गप्प जागा.
लोक सांगतात छातीत काहीतरी चुकतंय.
त्यांना जाणवते ती
ही गप्प जागा.

डॉक्टर उपळेकरांनी कागद उलटासुलटा केला.
'किती कप?'
मी म्हटलं, चार.
खरे सात. आठवा घरी गेल्यावर, पेपराबरोबर.
'दहा दिवस शून्य,' ते म्हणाले,
स्वतःच्या कॉफीत साखर ढवळत.

मग समजावलंही :
दिवसभर पेशी खपतात, त्याचा गाळ मेंदूत साचतो,
संध्याकाळपर्यंत त्याची गर्दी होते,
ती ठरलेल्या खुर्च्यांवर बसली
की डोळे मिटतात.
कॅफिन ताकदबिकद काही देत नाही.
स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकतात ना,
तसं ते त्या खुर्च्या धरून ठेवतं.
त्याला स्वतःला कुठेच जायचं नसतं.
थकवा मधल्या वाटेत उभा राहतो,
पिशव्या पायांशी घेऊन, तक्रार न करता,
आणि रुमाल उचलला गेला
की सगळे एकदम बसतात.

रात्री नऊच्या कपातला अर्धा
तीन वाजताही माझ्यातच फिरत असतो म्हणे.
झाडानं ते किड्यांसाठी केलेलं,
पान कुरतडणारा झोकांड्या खात पडावा म्हणून.
आपण त्यात आलं किसतो.

पहिला दिवस मजेत गेला.
दुसऱ्या दिवशी डोक्यातल्या शिरा ऐसपैस झाल्या
आणि कुणीतरी कपाळामागे
लोखंडी कपाट सरकवत राहिलं,
फरशीवरून, न उचलता, दुपारपासून रात्रीपर्यंत.
तिसऱ्या दिवशी उदगीरचा एक मुलगा आला,
विश्वंभर, परीक्षेला नऊ दिवस राहिलेला,
छाती धरून, बोटं थरथरत,
'मॅडम, गंभीर आहे का?'
कागद फाडताना मला जांभई आली
आणि तो आणखी घाबरला.
किती कप, मी विचारलं.
'चार,' तो म्हणाला.

चौथ्या दिवशी झोपले. सकाळी नऊला,
पडदा न ओढता.
आणि उभे होते ते एकेक करून बसले :
बाबांच्या डायलिसिसच्या दुपारी,
दोन दिवाळ्या,
आणि ती रात्र, मावशी गेल्याचा फोन आला तेव्हाची.
पाळी बदलून घेतली नव्हती मी.
दोन कप घेतले होते, लागोपाठ,
आणि पहाटेपर्यंत तिघांचे आलेख काढले होते, सरळ, नीट.
आता रडू आलं.
पाच वर्षं उशिरा,
उशी ओली होण्याइतकंच, जास्त नाही.

दहाव्या दिवशी पुन्हा तारा लावल्या.
पाठ केलेल्या पाढ्यासारखी लय.
कागदाची घडी पर्समध्ये ठेवली
आणि पाळी संपल्यावर थेट ओझाकाकांकडे.
पितळी पातेलं, फडक्याची पिळवण,
खलबत्त्यात वेलदोडा.
कुठे होतात, असं त्यांनी विचारलं नाही.
पाटीवर लिहिलंय अमृततुल्य.
अमृत आहे असं ते कधी म्हणालेच नव्हते.
'अर्धाच,' मी म्हटलं.
त्यांनी पूर्ण ओतला, पैसे अर्ध्याचे घेतले.

काम होतं म्हणून जरा हिंडले.
अर्ध्या तासानं, दारूवाला पुलाजवळ,
सिग्नलला गाडी उभी करून
मनगटावर दोन बोटं ठेवली.
आला. लवकर.
त्याच्या मागची गप्प जागा
पूर्ण संपेपर्यंत मी थांबले.
मागून रिक्षावाला, अगदी शांतपणे :
'ताई, निघायचं का आता?'