गरवायला

माणशी दीडशे दिरहॅम, चार तास.
आमिष, गळ, बाटलीतलं पाणी त्यातच धरलेलं.
मुलांना नारिंगी जाकीट सक्तीचं.
वृंदाने धक्क्यावर तिसऱ्यांदा विचारलं,
उलटीची गोळी घेतलीस ना?

उम्म अल कुवैनची खाडी. पहाटे साडेपाच.
होडीवाला सोलकर, जयगडचा,
मराठी ऐकून आमच्याकडे वळला नि म्हणाला,
"लांब नाय जायाचा. पोरगी हाय.
तिवरांच्या कडेकडेनं गरवू."
गरवू.
हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला.

आणखी एक फिलिपिनो जोडपं होतं, डबा घेऊन आलेलं,
आणि एक मिसरी गृहस्थ, स्वतःची काठी घेऊन आलेला,
जो कुणाशी बोलला नाही.

मी अकरा वर्षं या समुद्राचं गोडं पाणी करतो.
प्लांटवर, पाळीपाळीने.
त्याचा खारटपणा मला आकड्यांत पाठ आहे,
पंचेचाळीस हजार, ऑगस्टात जरा वर.
हात मात्र त्यात आज पहिल्यांदा बुडवला.
कोमट होता,
कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखा.

ऋता नऊ वर्षांची.
फोनवर मी तिला 'तू' असतो, रोज रात्री, नेट असेपर्यंत.
इथे आल्यापासून 'तुम्ही'.
तुम्ही चहा घेणार का. तुमचा टॉवेल कुठला.
व्हिसाचे पाच दिवस उरलेत.

सोलकरने तिच्या बोटावर तंगूस ठेवला.
"काठी नुको हिला. बोटाला कळतंय.
टुकटुक झाली तर सोडून द्यायची,
जड झाली की वढायची."
माकुलाचा तुकडा तिने स्वतः ओवला, नाक न मुरडता.
शिसं बुळुक करून तीन वाव खाली गेलं.

मग काहीच नाही.
रोहित पक्षी गुडघाभर चिखलात एका पायावर.
फिलिपिनो बाईने सगळ्यांना उकडलेली अंडी दिली.
मिसरी माणसाला हामूर लागला,
फळीवर मोजला तर दोन बोटं कमी.
त्याने त्याला पाण्यात सोडलं
आणि सोडलेल्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला.

सुकती लागली तशी होडी फिरली.
माझा दोर जड झाला.
लागला! मी ओरडलो,
आणि त्याच क्षणी पलीकडच्या बाजूने तीही,
लागला!
मी ओढलं, तिने ओढलं.
हे काहीतरी मोठं होतं, दमदार,
मी सोडलं की तिकडे धावणारं,
ती थकली की माझ्याकडे येणारं.
पाय रोवून उभे होतो दोघं, पाठीला पाठ,
मध्ये होडीचं पोट.

सोलकर वाकून खाली बघत होता.
"अरे, मासा नाय तो," तो म्हणाला,
"तुमीच हाव एकमेकांना."

मिसरी माणूस तेव्हा पहिल्यांदा हसला.
वृंदा तर बसलीच खाली, डोळे पुसत.
आणि ऋता, लाल चेहरा, मुठीत दोर,
"ए बाबा, सोड ना! तू सोड आधी!"

मी चाकू मागितला.
सोलकरने दिला नाही.
तो गुंता मांडीवर घेऊन बसला,
ऊन चढेपर्यंत एकेक फास मोकळा करत,
आणि ती त्याच्यासमोर, शिसं धरून,
सांगेल तेव्हा वर, सांगेल तेव्हा खाली.

पकडलं ते एवढंच: दोन सफी, एक बदाह.
सफीचे पाठीवरचे काटे सोलकरने कात्रीने छाटून दिले.
रात्री तळले. तिखट जरा जास्त झालं.

पाच दिवसांनी त्या दोघी गेल्या.
सहाव्या दिवशी राहिलेले कपडे मशीनला लावले
तर आत काहीतरी ठक ठक आपटू लागलं.
तिची चड्डी असणार. तिचा खिसा. शिसं.
यंत्र बंद करून काढता आलं असतं.
ड्रमला खोक पडेल, रूममेट म्हणाला.
म्हटलं, राहू दे.
अजून बावीस मिनिटं आहेत.