मापात बसणारी

आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन
रात्री साडेअकराला मी गल्ली मोजली.
कोपरखैरणे, बैठ्या घरांची ओळ.
एका अंगाला कडूकाकूंची तुळस,
दुसऱ्या अंगाला सुर्व्यांचा पाण्याचा ड्रम,
मधे दोन मीटर, चार सेंटिमीटर.
गाडी पावणेदोन मीटर रुंद, आरसे मिटले तर.
मग दार कसं उघडायचं,
हा प्रश्न वहीत वेगळ्या पानावर लिहिला.

वहीत आधीच बरंच काही आहे.
साडेआठ लाख. वर एक रुपया नाही. दोनदा अधोरेखित.
त्यातले तीन माझे, दीड मोडलेल्या एफडीचे,
उरलेले बँकेचे, पाच वर्षं, दर पाच तारखेला.
शोरूमच्या कागदावर किंमत सडपातळ असते,
रस्त्यावर येईतो अंगाने भरते:
नोंदणी, विमा, हाताळणीचे म्हणून काही,
पायाखालच्या चटयासुद्धा वेगळ्या.

वाशीला शार्दूल घरत नावाचा मुलगा
छत सरकवून आभाळ दाखवत होता.
म्हटलं, आभाळ आहे आमच्याकडे,
सीटची उंची सांग.
"ग्राउंड क्लिअरन्स ना मॅडम? एकशे नव्वद..."
जमिनीपासून नको रे,
अण्णांच्या गुडघ्यापासून.
त्याने माहितीपत्रक उलटंपालटं केलं.
माहितीपत्रकात गुडघे नव्हते.

छत्तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी.
डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला
आणि म्हणाले, मधली गादी संपलीय.
तेव्हापासून रिक्षात एक पाय आत, एक बाहेर,
आणि दोन्हींच्या मधे माझा खांदा.
ऑपरेशनला अण्णा तयार नाहीत.
गाडीलाही नव्हते.
"कुठं जायचंय मला?" असं म्हणतात
आणि दर गुरुवारी घणसोलीच्या दामूअण्णांकडे
जायचं असतं.

लाल गाडीत मागे माझेच गुडघे अडकले.
राखाडी आवडली, पाच महिने थांबा म्हणाले.
निळी चाळीस हजारांनी वर;
मी वहीतल्या अधोरेखित ओळीकडे पाहिलं,
ओळ हलली नाही.

मग नेरुळच्या कुरियनबाई.
कोट्टायमला कायमच्या परत निघालेल्या,
घरात खोकी, खोक्यांवर खोकी,
खाली झाकण घातलेली पांढरी गाडी,
चार वर्षांची, एकोणतीस हजार किलोमीटर.
मागच्या काचेवर एक डायनॉसोर,
शेपटीकडून नखाने खरवडलेला.
"मुलगा सोडवत होता," बाई म्हणाल्या,
"मग रडला. मग राहू दिला."
इरफान मेकॅनिकने बॉनेटला कान लावला,
खाली वाकून हात काळे केले.
क्लच जाणार, म्हणाला, बाकी गाडी सरळ आहे.
सरळ हा शब्द मी वहीत लिहून घेतला.

अण्णांनी दार उघडलं.
आधी बूड टेकवलं,
मग पाय आत घेतले, एक, आणि थोड्या वेळाने दुसरा.
माझा खांदा तिथेच पुढे झालेला, रिकामा.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग आतून प्रश्न आला,
"वजन किती हिचं?"
हे कुणी विचारलं नव्हतं आजवर.
बाईंनी कागद चाळले, इरफानने फोन.
अकराशे चाळीस किलो.
"बावीस गोणी," अण्णा काचेबाहेर बघत म्हणाले,
"वर चाळीस किलो सुटे.
चहाच्या आधी व्हायच्या."

नव्या क्लचसकट सहा लाख ऐंशीत बसली.
पाच हजार टोकन दिले, पावती वहीत ठेवली.
डायनॉसोर आहे तिथेच आहे.

आता फक्त कडूकाकूंना विचारायचंय,
तुळस वीतभर सरकवाल का.
काल दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले.
पहिल्यांदा त्या दिवा लावत होत्या.
दुसऱ्यांदा काहीच करत नव्हत्या,
मीच परत आले.